एकहातीं घडविलेला लेखनिक

समर्थ रामदासस्वामींचें जन्मस्थान जें जांब, तें आज जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांत मोडतें. समर्थांचा ‘दासबोध’ आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं असेल. परंतु त्याच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लक्षपूर्वक वाचणारे थोडे. त्या समासाचें नांव ‘लेखनक्रियानिरूपण’. अध्यात्माच्या ग्रंथांत समर्थांनीं एक संपूर्ण समास अक्षर कसें काढावें या विषयाला दिला आहे. अक्षर वाटोळें, सरळ व मोकळें असावें, काना, मात्रा, वेलांटी व रफार यांची एकमेकांशीं गर्दी होऊं नये, आणि पोथीच्या आरंभीं जसें अक्षर तसेंच शेवटींहि दिसावें, असा त्याचा आशय आहे.

समर्थांनीं ज्या गोष्टी लेखनिकाच्या डोळ्यावर आणि मनगटावर सोंपविल्या, त्याच आज संगणकाला कोणीतरी समजावून सांगाव्या लागतात. यंत्राला ओळ म्हणजे काय हें कळत नाहीं, समास कळत नाहीं, शब्द कोठें तोडावा हेंहि कळत नाहीं. आपण पत्र, अर्ज, मुंजीची निमंत्रणपत्रिका किंवा घराण्याचा कुलवृत्तांत संगणकावर लिहितों, तेव्हां आपलीं बोटें आणि पडदा यांच्या मध्यें एक अदृश्य लेखनिक बसलेला असतो. त्यालाच प्रोग्रॅम म्हणतात. हा लेखनिक बहुधा परदेशांतील मोठ्या कंपन्यांत शेंकडों माणसांनीं मिळून घडविलेला असतो. परंतु एकट्या माणसानें, कोणाच्या चाकरींत नसतां, तो अगदीं पायापासून घडविल्याचीं उदाहरणेंहि आहेत. या महिन्यांत त्यांविषयीं लिहावयाचें योजिलें आहे.

असें योजण्यास कारण आहे. सुशिक्षित घरांतून हल्लीं हा विषय वादाचा होऊं लागला आहे. मुलगा किंवा मुलगी अभियांत्रिकीची परीक्षा उत्तीर्ण होते, पुण्यास बरी नोकरी लागते, आणि दोन वर्षांनीं ती सोडून ‘मी लेखनाचा प्रोग्रॅम स्वतः सी भाषेंत लिहिणार’ असें म्हणून घरीं येते. वडीलमंडळींस वाटतें, असा प्रोग्रॅम बाजारांत तयार मिळतो, कांहीं तर फुकटहि मिळतात. मग पुन्हां तोच करण्यांत काय अर्थ? प्रश्न रास्त आहे, परंतु त्याचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं. तें काम नेमकें काय आहे, हें आधीं पाहिलें पाहिजे.

संगणकाच्या भाषांत वरच्या स्तराच्या आणि खालच्या स्तराच्या असा भेद करतात. वरच्या स्तराच्या भाषेंत ‘हा मजकूर ठेव’ एवढें सांगितलें कीं पुरे. तो कोठें ठेवावयाचा, त्याला किती जागा द्यावयाची, आणि काम संपल्यावर ती जागा कोणीं मोकळी करावयाची, हें ती भाषाच पाहते. हें पंगतींत पानावर बसण्यासारखें आहे. खालच्या स्तराच्या भाषेंत चूल, सरपण, पाणी, भांडीं आणि शेवटचें उष्टें काढणें, सर्व आपल्याकडेच. यंत्राच्या आज्ञांच्या अगदीं निकट असलेली असेंब्ली भाषा आणि तिच्याहून थोडी वर असलेली सी भाषा या अशा आहेत. सी भाषा डेनिस रिची यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास घडविली. तींत लिहिलेला प्रोग्रॅम जलद चालतो, थोड्या जागेंत मावतो, आणि दहा वर्षांच्या जुन्या यंत्रावरहि अडखळत नाहीं. त्याची किंमत मात्र लिहिणाऱ्याच्या कष्टांत आणि सावधपणांत मोजावी लागते.

हे कष्ट कोणत्या जातीचे, तें एका उदाहरणानें कळेल. दोनशें पानांच्या मजकुरांत तिसऱ्या पानावर एक शब्द राहून गेला. कागदावर आपण काकपद करून तो वर लिहितों. यंत्राच्या स्मृतींत मात्र अक्षरें एकापुढें एक अशीं घरोघर बसलेलीं असतात. मध्यें एक अक्षर घालावयाचें तर पुढचीं लाखों अक्षरें एकेक घर सरकवावीं लागतील, आणि तेंहि प्रत्येक कळ दाबतांना. यावर दोन युक्त्या प्रसिद्ध आहेत. एक अशी कीं, लिहिणाऱ्याचें लक्ष जेथें आहे तेथेंच कांहीं घरें रिकामीं ठेवावयाचीं. उशिरां येणाऱ्यांसाठीं पंगतींत चार पाट मोकळे ठेवतात, त्यांतलाच हा प्रकार. लेखणी पुढें सरकली कीं मोकळे पाटहि तिच्याबरोबर सरकवावयाचे. दुसरी युक्ति अशी कीं, मूळ मजकुराला हातच लावावयाचा नाहीं. नवें जें जें लिहिलें जाईल तें एका निराळ्या पानावर जमवावयाचें आणि एका यादींत क्रम टिपून ठेवावयाचा: मूळ पोथीचा एवढा भाग, मग नव्या पानाचा एवढा, मग पुन्हां मूळ. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियांतील संशोधनकेंद्रांत १९७४ सालीं बटलर लॅम्पसन व चार्ल्स सिमोनी यांनीं केलेल्या ‘ब्राव्हो’ या लेखनाच्या प्रोग्रॅममध्यें ही दुसरी रीति होती. सिमोनी पुढें मायक्रोसॉफ्टमध्यें गेले, आणि तेथील ‘वर्ड’मध्येंहि तीच रीति आली. मूळ मजकूर कधींच पुसला जात नसल्यामुळें, केलेला बदल मागें घेणें हिच्यांत सोपें जातें.

आतां एकट्यानें केलेल्या कामाकडे वळूं. मायकेल श्रेयर हे मूळचे चित्रपटाच्या व्यवसायांतील गृहस्थ. कॅलिफोर्नियांत येऊन राहिल्यावर त्यांनीं ‘अल्टेअर’ नांवाचा, स्वतः जोडावयाचा छोटा संगणक घेतला आणि त्यासाठीं प्रोग्रॅम लिहूं लागले. आपल्या एका प्रोग्रॅमची माहितीपुस्तिका टाइपरायटरवर लिहितांना त्यांस त्रास झाला, तेव्हां त्यांच्या मनांत आलें कीं, हें काम संगणकानेंच कां करूं नये? त्यांतून १९७६ च्या अखेरीस ‘इलेक्ट्रिक पेन्सिल’ निघाली. घरगुती संगणकासाठीं झालेला हा पहिला लेखन-प्रोग्रॅम समजला जातो, आणि तो त्यांनीं असेंब्ली भाषेंत एकट्यानें लिहिला. त्या काळीं प्रत्येकाचा पडदा निराळा आणि छापण्याचें यंत्र निराळें. त्यामुळें त्या एकाच प्रोग्रॅमच्या सत्तरांहून अधिक आवृत्त्या त्यांना कराव्या लागल्या. पुढें १९७८ सालीं रॉब बार्नबी यांनीं, बहुतांशीं एकट्यानें व असेंब्ली भाषेंतच, ‘वर्डस्टार’ लिहिला. त्यानें ‘इलेक्ट्रिक पेन्सिल’ला मागें टाकलें. वर्डस्टार काढणारी मायक्रोप्रो कंपनी आज राहिली नाहीं. परंतु जॉर्ज मार्टिन या अमेरिकन कादंबरीकारांनीं २०१४ सालीं सांगितलें कीं, आपण अजून वर्डस्टारवरच लिहितों. काम नीट झालेलें असलें तर तें धन्यापेक्षां अधिक जगतें, असा याचा अर्थ.

हे दोघेहि रोमन लिपींत लिहिणारे होते. रोमन अक्षरें एकामागून एक ओळींत उभीं राहतात आणि शेजाऱ्याला पाहून आपलें रूप बदलीत नाहींत. आपली बाळबोध लिपि तशी नाहीं. ‘क्षि’ हें आपल्या दृष्टीनें एक अक्षर. यंत्राच्या कोठींत त्याचे चार अंक असतात: क, हलन्ताचें चिन्ह, ष आणि ऱ्हस्व इकार. चारींत शेवटीं आलेला इकार पडद्यावर मात्र सर्वांच्या आधीं, डाव्या बाजूस काढावा लागतो. मागें जाऊन अक्षर खोडावयाचें झालें तर एकदम सगळें ‘क्षि’ खोडावें कीं नुसता इकार, हेंहि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेंच ठरवावयाचें. मराठीची अडचण तर आणखी निराळी. ‘आचार्यांस’ आणि ‘आचाऱ्यांस’ हे दोन शब्द पाहा. पहिल्यांत रफार, दुसऱ्यांत अर्धा र. हा भेद जाणत नसलेला लेखनिक मठांतील आचार्यांस खुशाल मुदपाकखान्यांत नेऊन बसवील. हिंदीचें काम या अर्ध्या र वांचून चालतें. म्हणून केवळ हिंदी डोळ्यांपुढें ठेवून केलेल्या साधनांत आपल्या र ची आबाळ होते. मराठी वळणाचे ल आणि श यांचेंहि तसेंच. अशा गोष्टी सांभाळावयास ती भाषा घरीं बोलणारा मनुष्यच बहुधा लागतो.

असे मनुष्य आपल्याकडे झाले आहेत. १८६७ सालीं मुंबईंत जन्मलेले शंकर आबाजी भिसे यांनीं लंडन व न्यूयॉर्क येथें राहून टाइप ओतण्याच्या यंत्रांत महत्त्वाच्या सुधारणा केल्या. रतन टाटा यांनीं त्यांस द्रव्यसाहाय्य केलें. १९३५ सालीं ते वारले. संगणकाच्या युगांत कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें १९८० नंतरच्या दशकांत भारतीय लिप्यांवर काम झालें. त्यांत मोहन तांबे प्रमुख होते. तें काम पुढें १९८८ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेंत वाढलें. साध्या संगणकांत एक छोटी पाटी बसविली कीं त्यावर नागरी व इतर लिप्या उमटूं लागत, तीच ‘जिस्ट’. भारतीय लिप्यांच्या अंकांचें सरकारी प्रमाण १९९१ सालीं ठरलें, आणि जगभर चालणाऱ्या युनिकोडमध्यें नागरीला ज्या १२८ जागा मिळाल्या, त्यांचा आराखडाहि त्याच परंपरेंतून आला.

तांबे यांच्यामागें संस्था होती. अविनाश चोपडे यांच्या कामाचें स्वरूप व्यक्तिगत होतें. १९९१ सालीं त्यांनीं ‘आयट्रान्स’ नांवाचा प्रोग्रॅम सी भाषेंत लिहून प्रसिद्ध केला. साध्या रोमन कळफलकावर ठरलेल्या रीतीनें मजकूर लिहावा आणि प्रोग्रॅमनें त्याचें नागरींत किंवा दुसऱ्या भारतीय लिपींत छापण्याजोगें रूप करून द्यावें, अशी त्याची योजना. पडद्यावर लिहितां लिहितां नागरी दिसावी अशी सोय त्यांत नव्हती. परंतु ज्या दिवसांत परदेशीं राहणाऱ्या मराठी माणसाला नागरींत दोन ओळी छापणें दुरापास्त होतें, त्या दिवसांत संस्कृत स्तोत्रें व गीतांचे संग्रह हजारों पानांनीं या रीतीनें लिहिले गेले. प्रोग्रॅम त्यांनीं लोकांस विनामूल्य उपलब्ध करून दिला होता. त्याच वर्षीं हॉलंडांतील ग्रोनिंगेन येथील फ्रान्स व्हेल्टहाउस यांनीं नागरीचा एक टंक आणि तो जुळविणारा प्रोग्रॅम सिद्ध केला, तोहि सी भाषेंतच.

येथें कोणी म्हणेल, हें सर्व पूर्वी आवश्यक होतें. आतां प्रत्येक दूरध्वनीवरहि मराठी उमटतें, मग नव्यानें खटाटोप कशाला? याचें उत्तर कुलवृत्तांतांत आहे. १९९० नंतरच्या दशकांत अनेक घराण्यांनीं आपले वृत्तांत व वंशावळी संगणकावर जुळवून घेतल्या. त्या काळच्या बहुतेक मराठी टंकांत रोमन अक्षरांच्या जागीं नागरीचे तुकडे बसविलेले असत: अर्धा त, काना, वेलांटी, रफार. प्रत्येक कंपनीचा क्रम निराळा. म्हणजे यंत्राच्या कोठींत ‘रामचंद्र’ हें नांव कधीं साठविलेंच गेलें नाहीं; साठविले गेले ते छापखान्यांतील खिळ्यांसारखे तुकडे, आणि त्या खिळ्यांच्या खणांची किल्ली एकट्या विक्रेत्याजवळ. आज तो टंक हाताशीं नसेल तर त्या फाइलींत रोमन अक्षरांचा अर्थहीन पसारा दिसतो. शंभर वर्षांपूर्वींची मोडी बखर जाणकारास लावतां येते. तीस वर्षांपूर्वींची फाइल घरच्या माणसास उघडतां येत नाहीं. हा तोटा कोणाच्या दुष्टपणामुळें झालेला नाहीं. साधनाच्या पोटांत काय चाललें आहे, हें ग्राहकांपैकीं कोणासच ठाऊक नव्हतें, म्हणून झाला. घरोघरीं प्रोग्रॅम लिहिले जावेत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु प्रत्येक पिढींत, प्रत्येक जिल्ह्यांत, लेखनाचें यंत्र खालपासून वरपर्यंत जाणणारीं चार माणसें असलींच पाहिजेत. तीं नसलीं तर आपले कागद आपले असूनहि दुसऱ्याच्या ओलीस राहतात.

अशी माणसें तयार होण्यास फारसें भांडवल लागत नाहीं, ही या उद्योगांतील मोठी सोय आहे. जालना शहर पोलादाच्या कारखान्यांसाठीं व बियाण्यांसाठीं प्रसिद्ध आहे. पोलादाला भट्टी लागते, बियाण्याला शेतें आणि कित्येक हंगाम लागतात. सी भाषेचा प्रोग्रॅम यंत्राच्या आज्ञांत रूपांतरित करणारें साधन रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८७ पासून सर्वांस मोकळें करून दिलें आहे. अंबड किंवा परतूर येथें जुना संगणक घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याजवळ तें साधन जसेंच्या तसें असतें. त्याला हवी असते सवड, आणि ती सवड कुटुंबच देऊं शकतें. एकत्र कुटुंबांत एकाची मिळकत थांबली तरी चूल थांबत नाहीं. आपल्या या व्यवस्थेनें पूर्वी शास्त्री पोसले, गवई पोसले. तिला एक प्रोग्रॅम लिहिणारा जड होऊं नये.

मात्र सवड म्हणजे मोकाट सोडणें नव्हे. वडीलमंडळींस त्या विषयांतलें एक अक्षर कळत नसलें तरी तीन प्रश्न विचारण्याचा त्यांस अधिकार आहे.

पहिला प्रश्न: ही गरज कोणाची? श्रेयर यांस स्वतःची पुस्तिका लिहावयाची होती. जो प्रोग्रॅम लिहिणाराच रोज वापरीत नाहीं, तो दुसरा कशाला वापरील? सहा महिन्यांच्या आंत घरचा हिशेब किंवा घरचें पत्र त्याच प्रोग्रॅमवर लिहिलें जाऊं लागलें पाहिजे, मग तो कितीहि ओबडधोबड असो.

दुसरा प्रश्न: स्वतः काय करणार आणि दुसऱ्याचें काय घेणार? सर्वच स्वतः करीन हा हट्ट तरुणपणीं गोड वाटतो. नागरीचीं जोडाक्षरें योग्य रूपांत बसविण्याचें काम ‘हार्फबझ’ नांवाच्या मोकळ्या प्रोग्रॅमसंग्रहानें उत्तम साधलें आहे. फायरफॉक्स, क्रोम व लिबरऑफिस त्याचाच उपयोग करतात. अक्षराची रेखाकृति पडद्यावर उमटविण्याचें काम ‘फ्रीटाइप’ १९९६ पासून करीत आहे. स्वयंपाक स्वतः करावा, परंतु त्यासाठीं पितळेचीं भांडीं ओतण्यापासून आरंभ करूं नये. शिकण्यासाठीं एकदां ओतून पाहावें. संसार मात्र तयार भांड्यांवर चालवावा.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: लिहिलेलें कोणत्या रूपांत ठेवणार? तें युनिकोडमध्यें, उघड्या आणि लिहून प्रसिद्ध केलेल्या रचनेंत असावें, म्हणजे हा प्रोग्रॅम उद्यां बंद पडला तरी दुसऱ्यानें वाचतां येईल. आणि साठवितांना जुन्या फाइलीवरच लिहूं नये. नवी पूर्ण लिहून झाल्यावर मगच तिला जुनीचें नांव द्यावें, म्हणजे मध्येंच वीज गेली तरी दोहोंपैकीं एक शाबूत राहते. आपल्या भागांत ही काळजी अनाठायीं म्हणतां येणार नाहीं.

खालच्या स्तराच्या भाषेंत एक धोका नित्याचा आहे, तोहि सांगितला पाहिजे. आखून दिलेल्या जागेपलीकडे मजकूर गेला तर सी भाषा हात धरीत नाहीं; शेजारच्या घरांतील वस्तूंवर तो सांडतो. १९८८ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंत एका विद्यार्थ्यानें सोडलेला ‘मॉरिस वर्म’ अशाच एका चुकीच्या वाटेनें हजारों यंत्रांत शिरला. ही भीति टाळण्यासाठीं ‘रस्ट’ नांवाची भाषा निघाली; तिची पहिली पक्की आवृत्ति २०१५ सालीं आली. तीहि यंत्राच्या जवळच काम करते, परंतु कोणती जागा कोणाच्या ताब्यांत आहे याचा जाब प्रोग्रॅम चालण्यापूर्वींच घेते. नव्यानें आरंभ करणाऱ्यानें तिचा विचार अवश्य करावा.

मिळकतीची हमी या कामांत कोणी देऊं शकत नाहीं. श्रेयर यांनीं आपला प्रोग्रॅम विकला, चोपडे यांनीं विनामूल्य दिला, आणि भिसे यांस धनिकाचा आश्रय घ्यावा लागला. परंतु जो मनुष्य एकदां हें काम तळापासून करून उठतो, तो रिकाम्या हातीं उठत नाहीं. यंत्राच्या पोटांत काय घडतें हें त्याला कळलेलें असतें, आणि तें ज्ञान घेऊन तो कोणत्याहि कारखान्यांत मानानें उभा राहूं शकतो. म्हणून दोन वर्षांची मुदत घालून, वरील तीन प्रश्न दर चार महिन्यांनीं विचारून, ती सवड द्यावी असा आमचा अभिप्राय आहे. मुदत संपल्यावर काम पुरें नसेल तर नोकरी धरावी आणि तें रात्रीं चालवावें; त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

पूर्वी घरांत ज्याचें अक्षर चांगलें त्याला पोथी उतरावयास बसवीत आणि त्याच्या वांट्याचीं इतर कामें भावंडें करीत. त्याच्या हातची पोथी मग घराण्याचे तीन पिढ्या वाचीत. आजच्या पोथ्या ज्या लेखनिकाच्या हातांतून उतरावयाच्या आहेत, तो घडविणाऱ्याच्या वांट्याचीं कामें कोणी करावयाचीं, एवढाच खरा प्रश्न आहे, आणि तो प्रत्येक कुटुंबानें आपल्या घरीं बसून सोडवावा.